हयातीचा दाखला

बंगळुरूला 'पेन्शनरांचे नंदनवन' म्हणण्याची पद्धत फार जुनी आहे. आजची वाहतूक कोंडी अनुभवलेल्या वाचकांना हे विशेषण थट्टेचे वाटेल. परंतु ते या शहराला कसे चिकटले, हा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंची आणि सौम्य हवा या निसर्गाच्या देणग्या. त्यांवर १८०९ मध्ये इंग्रजांची लष्करी छावणी आली, आणि १८३१ मध्ये म्हैसूर संस्थानाचा कारभार कंपनीने हाती घेतल्यावर कचेऱ्याही येथे आल्या. जेथे छावणी आणि कचेरी, तेथे आज ना उद्या निवृत्त माणसेही राहणारच. १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी महाराजांनी दिलेल्या जमिनीवर व्हाइटफील्ड वसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९८ च्या प्लेगनंतर, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी हे मोकळे, झाडीचे विस्तार वाढले आणि संस्थानी नोकरीतील माणसांनी तेथे टुमदार घरे बांधली.

या नंदनवनाचे सर्वांत नामवंत रहिवासी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्या महाराष्ट्राचा त्यांच्यावर जुना हक्क आहे. शिक्षण पुण्यात, १८८४ पासून नोकरी मुंबई इलाख्यात, काम धुळे-नाशिक-पुण्यात, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. पुढे म्हैसूरची दिवाणगिरी, भारतरत्न, आणि १९६२ मध्ये वयाची शंभरी ओलांडून बंगळुरूत निधन. इंग्रजी नोकरीतून बाहेर पडल्यानंतर हा मनुष्य चोपन्न वर्षे जगला. पेन्शनचा हिशेब मांडणाऱ्यांनी नेहमी ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण. दुसरे उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचे. १८१८ मध्ये माल्कमने त्याला वर्षाला आठ लाखांचा तनखा कबूल केला, तेव्हा वरिष्ठांनी औदार्याबद्दल नाके मुरडली. बाजीराव त्यानंतर बिठूरला १८५१ पर्यंत जगला. पेन्शनर अंदाजापेक्षा जास्त जगतो, हा सरकारी तिजोरीचा फार जुना अनुभव आहे.

मी स्वतः केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, पन्नाशी केव्हाच उलटली आहे, आणि माझी नेमणूक सध्या याच शहरात आहे. पेन्शन या विषयाकडे माझे लक्ष जाणे त्यामुळे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु आज लिहायचे आहे ते पेन्शनच्या रकमेविषयी नाही. म्हातारपणी माणूस कोणाबरोबर राहतो, आणि सरकारच्या एका साध्या मासिक मनिऑर्डरीने त्यात काय बदल घडवला, हा माझा प्रश्न आहे.

मराठी मुलखात नेमणुकीची कल्पना नवी नव्हती. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या बायकामुलांना 'बालपरवेशी' देण्याची चाल मराठेशाहीत होती. वर्षासने होती, इनामे होती. पण ही धन्याची कृपा होती, आणि ती बहुधा जमिनीच्या रूपाने घराण्याला मिळे. कंपनी सरकारची पेन्शन वेगळी. ती एका माणसाला, त्याच्या नावाने, रोख, आणि तो जिवंत असेपर्यंत. 'पेन्शनीत निघाले' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत या रोख रकमेबरोबर रुळला. कोकणातील दापोली ही अशा लष्करी पेन्शनरांची वस्ती. बंगळुरूच्या बंगल्यांपुढे ती गरीब दिसेल, पण माझ्या मते महत्त्व तिचे अधिक. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीस आणि मग साताऱ्यास राहिले. त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव भीमराव. गावच्या वतनावर किंवा पाटलाच्या मर्जीवर ज्याचे पोट नाही, असा वृद्ध मनुष्य गावात प्रथमच निर्माण झाला होता. त्याला गावाविरुद्ध बोलता येत होते. तोच मनुष्य, हवे असल्यास, मुलाविरुद्धही बोलू शकत होता, हे सहसा कोणी लिहीत नाही.

१८७१ च्या पेन्शन कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे मी आदराने पाहतो. सरकारी पेन्शनवर सावकाराला न्यायालयामार्फत जप्ती आणता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या, एरवी कोरड्या असलेल्या या कायद्याने म्हाताऱ्याच्या मुठीतली रक्कम त्याच्याच मुठीत ठेवली.

ही रक्कम चालू राहण्यासाठी अट एकच, आणि ती म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शनर जिवंत आहे याची सरकारला वर्षातून एकदा खात्री हवी. पूर्वी पेन्शन कोषागारातून मिळे. पेन्शनच्या हुकमाच्या दोन प्रती, एक पेन्शनरापाशी, एक कोषागारात. त्यावर छायाचित्र आणि शरीरावरच्या खुणा. १९७६ पासून केंद्राच्या मुलकी पेन्शनरांना राष्ट्रीयीकृत बँकांतून पैसे मिळू लागले आणि नोव्हेंबर महिना हा बँकेच्या शाखांत दाखल्याचा महिना झाला. राजपत्रित अधिकारी म्हणून मी असे कितीतरी दाखले सही केले आहेत. मजकूर एका ओळीचा असतो: सदर व्यक्तीस मी पाहिले असून ती आज रोजी हयात आहे. सही करताना समोरच्या खुर्चीतील मनुष्याकडे मान वर करून पाहावे लागते. सरकारी कागदांत असे कागद फार थोडे, ज्यांवर सही करण्यापूर्वी माणसाकडे पाहणे ही कायदेशीर गरज आहे.

स्त्रियांची गोष्ट निराळी. पेन्शन नोकरदाराची, म्हणजे बहुधा पुरुषाची. तो गेला की ती थांबे. सर्वसाधारण सरकारी नोकराच्या विधवेला कायमचा आधार मिळू लागला तो १ जानेवारी १९६४ पासूनच्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने. सुरुवातीला त्यासाठी कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम कापली जाई. ती कपात १९७७ मध्ये बंद झाली. स्वातंत्र्योत्तर काळातील मोठ्या सामाजिक सुधारणांच्या यादीत या योजनेचे नाव मला कोठे आढळत नाही. परंतु हिंदू विधवेला आपल्या नावाने दरमहा पैसे, मुलाच्या सहीशिवाय, ही घरातील सत्तेची केवढी उलथापालथ आहे! माझी आजी पंचावन्नाव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची बावीस वर्षे तीन मुलांकडे चार-चार महिने अशी वाटली गेली. आजोबा दुकानात मुनीम होते. माझी आई शिक्षकाची पत्नी. तिला वडिलांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि ती साताऱ्यात, स्वतःच्या घरात राहते. या दोघींच्या स्वभावात मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो बँकेच्या पासबुकाचा.

१९८२ साल या विषयात विशेष. त्या वर्षी व्हिएन्ना येथे वृद्धत्वाविषयीची पहिली जागतिक परिषद भरली, आणि १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून, त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनपासून वगळण्यात आले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ही विभागणी रद्द केली. निकाल न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिला. पेन्शन हे बक्षीस नव्हे, धन्याच्या मर्जीची खिरापत नव्हे, केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे त्याचे सूत्र. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस आजही साजरा करतात.

आता अर्थशास्त्राकडे वळतो. अमेरिकेत यादवी युद्धातील सैनिकांना मोठ्या प्रमाणावर पेन्शन मिळत असे. डोरा कोस्टा या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने त्या नोंदींचा अभ्यास करून १९९७ मध्ये दाखवले की, पेन्शन मिळणारे वृद्ध मुलांपासून वेगळे राहण्याचे प्रमाण वाढले. मुलांनी त्यांना टाकले असे नव्हे. परवडू लागले तेव्हा त्यांनीच स्वतंत्र राहणे पसंत केले. याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. वर्णद्वेषी राजवट संपत असताना तेथील कृष्णवर्णीय वृद्धांना भरघोस पेन्शन मिळू लागली. एस्थर डुफ्लो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजीला पेन्शन मिळत असेल तर तिच्याबरोबर राहणाऱ्या नातींची वाढ सुधारलेली दिसली. तेथे पेन्शन घराचा खांब बनली. एकच साधन, एका देशात घर विभागते, दुसऱ्यात जोडते. गरिबीत पैसा माणसांना एकत्र ठेवतो आणि थोडी सुबत्ता आली की एकान्त विकत घेता येतो, असा याचा एक अर्थ लावता येईल. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण एकान्त आणि एकटेपणा यांचा भाव एकच नसतो.

बर्नहाइम, श्लाइफर आणि समर्स यांचा १९८५ चा एक प्रसिद्ध, काहीसा बोचरा निबंध आहे. वारशाने देता येण्याजोगी मालमत्ता आई-वडिलांपाशी जितकी अधिक, तितका मुलांचा संपर्क अधिक, असे त्यांना आढळले. आणि तेही मुले एकाहून अधिक असतील तर. पेन्शनला मात्र हा गुण नाही, कारण ती माणसाबरोबर संपते. सोप्या मराठीत, मुले घर पाहून येतात, पेन्शन पाहून नव्हे. आपल्याकडचे वाचक यावर रागावतील. मलाही हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या समाजाला लावणे पटत नाही. पण भविष्य निर्वाह निधीचा विचार करताना तो आठवतो. बंगळुरूतील हिंदुस्तान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, एच.एम.टी., आय.टी.आय. या कारखान्यांत नोकरीस आलेली मराठी माणसे शेकडोंनी भेटतात. त्यांना सरकारी पेन्शन नव्हती. १९५२ च्या कायद्याप्रमाणे भविष्य निर्वाह निधी होता, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी एकरकमी पैसे. १९९५ मध्ये त्याला कर्मचारी पेन्शन योजनेची जोड मिळाली, पण तिची किमान रक्कम २०१४ पासून दरमहा हजार रुपये आहे. एकरकमी पैसा मुलाच्या फ्लॅटमध्ये जातो, मुलीच्या लग्नात जातो, परदेशी शिक्षणात जातो. बाप आपल्या इच्छेनेच देतो. पुढे तो त्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखा राहतो. मासिक पेन्शनवाला म्हातारा मात्र दर पहिल्या तारखेला पुन्हा थोडा कर्ता होतो.

ज्यांना यातले काहीच नाही, त्यांची संख्या सर्वांत मोठी. १९९५ पासून केंद्राची वृद्धापकाळ योजना आहे. तिचा साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठीचा केंद्रीय हिस्सा २००६ मध्ये दोनशे रुपये झाला आणि तेथेच थांबला आहे. राज्ये आपली भर घालतात. महाराष्ट्राने आपल्या योजनेला 'श्रावणबाळ सेवा' असे नाव दिले. आई-वडिलांची कावड खांद्यावर घेणाऱ्या मुलाचे नाव शासनाने स्वतःला घेतले. नाव ज्या कोणा कारकुनाला किंवा मंत्र्याला सुचले, त्याला त्यातील धाडस जाणवले असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. असो.

पैशांनंतर कायदा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगी होती ती बायको-मुलांना. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आई-वडिलांचा हक्क मान्य केला. १९७३ च्या नव्या संहितेच्या १२५ व्या कलमात आई-वडील आले. कल्याणच्या एका डॉक्टर महिलेविरुद्ध वडिलांनी केलेल्या अर्जावर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीचीही जबाबदारी मान्य केली. मग २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा आला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकरणप्रमुख, वकिलांना मज्जाव, नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय, दरमहा कमाल दहा हजार रुपये. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीस दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येते. वर उल्लेखिलेल्या १९८५ च्या निबंधाचे हे जणू कायद्यातील रूप.

अंमलबजावणीत राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी पुढेही पावले टाकली. आसामने २०१७ मध्ये 'प्रणाम' कायदा करून हयगय करणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून कपात करून ती आई-वडिलांना देण्याची सोय केली. लातूर जिल्हा परिषदेने २०२०-२१ मध्ये अशा कर्मचाऱ्यांचा तीस टक्के पगार कापला. चीनने २०१३ मध्ये तर आई-वडिलांना भेटत राहण्याचे बंधनच कायद्यात घातले. उपविभागीय अधिकारी म्हणून ही प्रकरणे चालवलेले माझे एक स्नेही सांगत होते की, अर्जात लिहिलेले असते पोटगी, पण सुनावणीत म्हातारी दुसरेच बोलते. "साहेब, पैशाचं राहू द्या, तो माझ्याशी बोलत नाही, त्याला बोलायला सांगा." आदेशात हे कसे लिहायचे? कायद्यातील व्याख्येप्रमाणे चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ही व्याख्या सन्मानाने जगण्यापर्यंत रुंदावण्याचा प्रयत्न होता. ते विधेयक मंजूर झाले नाही.

या कायद्याची एक बाजू बंगळुरूच्याच एका प्रकरणाने समोर आणली. उत्तर बंगळुरूतील घरातून सुनेला बाहेर काढावे, असा सासू-सासऱ्यांचा अर्ज असिस्टंट कमिशनरांनी मान्य केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला दिलेला घरात राहण्याचा हक्क ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या झटपट कारवाईने पुसता येणार नाही, असे सांगितले. निकाल लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. अडतीस वर्षांपूर्वी पित्याच्या पीठाने वृद्धांचा हक्क उचलून धरला होता. पुत्राला त्या हक्काची सीमा आखावी लागली. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. वृद्धांची सोय ही घरातील सर्वांत दुबळ्या सुनेच्या खर्चाने होत असेल, तर तिला कुटुंबाची साथ हे नाव शोभत नाही. जुन्या एकत्र कुटुंबाच्या गौरवगाथेत या सुनेची बाजू नेहमी गळते.

वाचकहो, आपल्यापैकी बरेच जण गावापासून दूर आहात आणि हा प्रश्न तुमच्या घरातही आहे. व्हाइटफील्डमध्ये आज संगणक कंपन्या आहेत; १८८२ च्या त्या वसाहतीत आता सांगली, नाशिक, अकोल्याहून आलेले आजी-आजोबा नातवंडे सांभाळतात. चौदाव्या मजल्यावर, कन्नड येत नाही, खाली ओळखीचे कोणी नाही, मुलगा-सून रात्री आठला येतात. ही माणसे जनगणनेत एकटी मोजली जाणार नाहीत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत साठीच्या पुढील व्यक्तींपैकी सुमारे सहा टक्के एकट्या राहणाऱ्या होत्या. या आजी-आजोबांचा एकटेपणा त्या सहा टक्क्यांत नाही. माझी आई गेल्या वर्षी माझ्याकडे येऊन अडीच महिने राहिली आणि परत गेली. मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "अरे, मी तिथे एकटीने राहते, पण एकटी नसते. इथे तुझ्या घरी दुपारी कोण आहे?" साताऱ्यात समोरच्या घरातील मुलगी तिच्याकडे गणित शिकायला येते, भिशी आहे, शनिवारी मारुती आहे. मी रोज रात्री फोन करतो. तिच्या पडण्याची भीती मला आहे, तिला नाही. निर्णय तिचा आहे आणि तो दर सहा महिन्यांनी आम्ही दोघे नव्याने भांडून ठरवतो. पती-पत्नीला एका गावी नेमणूक देण्याचे धोरण सरकारने १९८६ मध्ये केले. केवळ वय झालेल्या आईसाठी तसे सर्वसाधारण धोरण माझ्या नोकरीत मी पाहिले नाही. २०२५ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की, वृद्ध आई-वडिलांच्या देखभालीसाठी कर्मचारी आपली नेहमीची अर्जित रजा घेऊ शकतात. आसामने दोन दिवसांची खास रजाच दिली. दोन दिवस थोडे आहेत, परंतु त्या रजेचा अर्ज करताना कारण लिहावे लागते, हे मला महत्त्वाचे वाटते.

बंगळुरूने एक गोष्ट लवकर केली. २००२ मध्ये शहर पोलीस आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून १०९० ही ज्येष्ठांची मदतवाहिनी सुरू केली. देशभराची १४५६७ ही वाहिनी २०२१ ची. आणि हयातीचा दाखला? २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'जीवन प्रमाण' आले, बोटाच्या ठशावर. २०२० पासून पोस्टमन सत्तर रुपयांत घरी येऊन दाखला घेऊ लागला. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरला की काम होते. अंथरुणावरच्या पेन्शनरासाठी हे वरदान आहे, आणि ज्यांनी ते घडवले त्यांचे मी मनापासून कौतुक करतो. दाखल्याला आता समोर बसलेला अधिकारी लागत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या बेळगावच्या, यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, मुलगा कॅनडात. ऐंशी पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे त्यांच्या निवृत्तिवेतनात वीस टक्के वाढ झाली. मोबाइलवर दाखला कसा द्यायचा ते मुलाने शिकवले आहे आणि त्यांना ते उत्तम जमते. तरीही त्या दरवर्षी दोन बस बदलून जयनगरच्या शाखेत जातात; २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, हेही एक कारण सांगतात. ऐंशीच्या पुढच्यांना गर्दी टाळण्यासाठी ऑक्टोबरमध्येच दाखला देण्याची मुभा आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. त्या म्हणाल्या, ऑक्टोबरमध्ये तिथे ओळखीचे कोणीच नसते.